सही करून टाकली

ईस्ट लान्सिंग, मिशिगन

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवरच सांगणार होते, पण आई, तुझा आवाज ऐकला आणि जीभ वळली नाही. इथलं काम मी आणखी दोन वर्षं घेतलंय. सही झाली. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही ‘तुला वाटेल ते कर’ म्हणाला असता आणि दोघंही न जेवता झोपला असता.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, ४० मीटरचं यंत्र कशाला? ताऱ्यांच्या स्फोटात जे घडतं ते आम्ही ‘सेकार’वर, म्हणजे याच यंत्रावर, घडवतो. अणुकेंद्रांचा झोत हायड्रोजन किंवा हीलियमच्या फवाऱ्यातून सोडायचा. अब्जावधींत एखादंच केंद्र वायूचा कण गिळतं, आणि तेही झोताबरोबरच पुढे पळतं. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जवळपास तोच, म्हणून नुसतं चुंबक त्याला वेगळं काढू शकत नाही. पण जड झाल्यामुळे ते किंचित हळू जातं. तेवढ्या फरकावर २ वीन फिल्टर त्याला निवडतात: विजेचा ओढा एकीकडे, चुंबकाचा दुसरीकडे, योग्य वेगाचं तेवढं सरळ जातं.

कागदावर सगळं छान असतं. खरं कळतं चाचणीत. फवाऱ्याच्या जागी अल्फा कण (हीलियमची केंद्रं) सोडणारा स्रोत ठेवायचा आणि शेवटाला किती कण पोचले ते मोजायचं. फिल्टरचं व्होल्टेजही हळूहळू चढवायचं, ठिणगी पडली की थांबायचं. आई, तुझ्या दुधासारखंच, पाठ फिरवली की गेलं. ८ डायपोल (झोत वळवणारे चुंबक), १५ क्वाड्रुपोल (झोत एकवटणारे) जुळवत बसले की, बाबा, तुमची मांडी आठवते. खरखरीतून आकाशवाणी सांगली लागेपर्यंत तुम्ही रेडिओची खुंटी फिरवायचात, मी श्वास धरून बसायचे. हे अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती देववेना, एवढंच.

काळजी करू नका. व्होल्टेज चालू असताना जवळ कुणीच जात नाही. किरणं मोजणारा बिल्ला अंगावर असतो. खोलीत हीटर आहे, बूट नवे घेतलेत, मेतकूट अजून अर्धा डबा आहे. डाळ-भात रोज होतो (बरं, रोज नाही).

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवायचं नाही. याच महिन्यात तारीख घ्या, दादा रजा काढतोय. बीपीची गोळी ‘विसरलो’ चालणार नाही. आई, माळ्यावर चढू नकोस, फराळाचे डबे तिथेच राहू देत. गणपतीला तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय.

वाचल्यावर लगेच फोन करू नका. उद्या करा.

तुमची,
चिमी