बाबा, ऑपरेशनची तारीख घेतली आहे

नागपूर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागावू नका. तुमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख मी घेऊन टाकली, दिवाळीच्या सुट्टीतली. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कापूस वेचून होऊ दे. मग संक्रांत, मग आणखी काही.

सातवीच्या मुलांचा प्राण्यांच्या चित्रांचा प्रोजेक्ट चालू आहे. त्यांना विरोधी रंग शिकवतेय, रंगचक्रात समोरासमोर असतात ते : नारिंगीसमोर निळा, लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा. शेजारी लावले की एकमेकांना उठाव देतात, एकमेकांत कालवले की मळकट होतात. म्हणून काळ्या रंगाची बाटली मी कपाटातच ठेवली. वाघाच्या पोटाखालची सावली नारिंगीत थेंबभर निळा घालूनच करायची. एका मुलीने गोरेवाड्याला पाहिलेला वाघ काढलाय. मागे सगळं गडद निळं रान, आणि गालाच्या केसांमधून निळ्याच्या इतक्या बारीक रेघा ओढल्यात की तोंड अगदी पुढे येतं. त्याचा फोटो पाहून तुम्ही म्हणालात, "वाघ झकास, पण मागे काळं कशाला फासलं?"

तेव्हापासून मला चैन नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा उजेड आत नीट येऊ देत नाही. आई, मामाकडच्या लग्नात बाबांच्या पायात एक निळा, एक काळा मोजा होता, तो विसरभोळेपणा नव्हता गं.

तुमच्या नजरेला नावं ठेवत नाही हो, बाबा. पोळ्याला ढवळ्याचं एक शिंग लाल, एक हिरवं रंगवायचं तुम्हीच ठरवायचात आणि ब्रश माझ्या हातात द्यायचात. माझं रंगाचं शिक्षण तिथूनच सुरू झालं. म्हणून तर जीव तुटतो.

तिकडेही डॉक्टर चांगले आहेत, मला माहीत आहे. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दाखवायचं, पुढेही तपासणीला जायचं. दर वेळी एसटीत धक्के खात कशाला? इथे खोली खालीच आहे, संडास लागून, कमोडही बसवून घेतला. खाट खिडकीशी टाकते. पहाटेचा चहा पहाटेच मिळेल. आई, तुझ्या देवांना कोनाडा रिकामा केलाय, ज्वारीचं पीठही दळून ठेवते.

आता ऐका. शुगर, बीपी आणि लघवीची, सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणा. लघवीच्या गोळीचं ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावंच लागतं, लपवायचं नाही. नंतर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, बादली उचलायची नाही. थेंब मीच टाकीन, हात धुऊन. त्या डोळ्याने निळं एकदम लख्ख दिसेल, दोन डोळ्यांत फरक वाटेल. घाबरायचं नाही.

वाघाचं मूळ चित्र त्या मुलीकडून मागून ठेवलंय. पट्टी निघाली की बघा.

सकाळचीच गाडी पकडा. मी गणेशपेठच्या स्टँडवर उभी असेन. आई, पिशव्या कमी आण, आणि बाबांना उचलू देऊ नकोस.

तुमची
मनू