ती एक ओळ महत्त्वाची

महोदय,

सरन्यायाधीशपदावरून भूषण गवई निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यावर भरभरून लिहून आले. अमरावतीचे बालपण, रा. सू. गवई यांचा वारसा, निवृत्तीनंतर सरकारी पद न घेण्याचा शब्द, काही राहिले नाही. नागपूर खंडपीठात ते सरकारी वकील होते, हे मात्र बहुतेकांनी एका ओळीत उरकले. माझ्या मते तीच ओळ महत्त्वाची.

१९९२-९३ मध्ये सहायक सरकारी वकील, जानेवारी २००० पासून खंडपीठाचे सरकारी वकील आणि नोव्हेंबर २००३ मध्ये न्यायमूर्ती. सरकारी वकिलाला सरकारची फाइल आतून दिसते. नोटीस खरोखर बजावली की कागदोपत्री, पंचनामा जागेवर झाला की टेबलावर, हे त्याला कोर्टापुढे उभे राहण्याआधीच कळलेले असते. (कळूनही बाजू मांडावी लागते, तो भाग वेगळा.)

आरोपींची घरे परस्पर पाडण्याला चाप लावणारा, १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'बुलडोझर' निकाल या नजरेने वाचून पाहावा. मथळे १५ दिवसांच्या नोटिशीचे झाले. पण त्यात आणखी एक बारकी तरतूद आहे: नोटीस मागच्या तारखेची असल्याचा आरोपच होऊ नये म्हणून ती बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल जायला हवा आणि त्याची पोचही आपोआप यायला हवी. पाडकामाचे चित्रीकरण करायचे, आणि आदेश मोडला तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. सरकारी दप्तराच्या खोडी ठाऊक असल्याशिवाय हे सुचत नाही. हा निकाल देणाऱ्या खंडपीठातले दुसरे न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन हेही पूर्वी केंद्राचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे वकील, होते.

'एकदा सरकारी वकील, म्हणजे कायम सरकारचा माणूस' असे म्हणणारे नोटाबंदी वैध ठरवणारा निकाल पुढे करतात. तो बहुमताचा निकाल गवईंनीच लिहिला आणि मला स्वतःला न्या. नागरत्ना यांचे विरोधी मत जास्त पटते. पण निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या घटनापीठातही गवई होते. सरन्यायाधीश झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, पुण्यातील कोंढव्याची वनजमीन बिल्डरच्या घशात घालणारा व्यवहार त्यांनी बेकायदा ठरवला आणि राजकारणी, अधिकारी व बिल्डर यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले.

त्यांच्यानंतर आलेले न्या. सूर्यकांत हे हरियाणाचे महाधिवक्ता (राज्य सरकारचे मुख्य वकील) होते, तर पूर्वीचे एक सरन्यायाधीश न्या. धनंजय चंद्रचूड अतिरिक्त सॉलिसिटर जनरल. म्हणजे उच्च न्यायालयाची वाट अनेकदा सरकारी वकिलाच्या खोलीतून जाते. मग त्या खोलीत कोणाला बसवायचे, हे सत्ताबदलागणिक का ठरावे? सरकारी वकिलांच्या नेमणुका पारदर्शक हव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सांगितलेच आहे. न्यायमूर्तींच्या नियुक्तीवरून कॉलेजियमची (नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाची) चर्चा रोज होते. तिच्या निम्मी तरी राज्याच्या विधी व न्याय विभागाकडून निघणाऱ्या सरकारी वकिलांच्या यादीवर व्हावी. आपल्या वृत्तपत्राने ती यादी निकषांसह मागून छापावी, ही विनंती.

— एक वाचक, अमरावती