आईची गाठ आधी, बाबांचा डाग नंतर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबांचा रिपोर्ट वाचला. मधुमेहासाठी पडदा तपासताना डाव्या डोळ्यात ‘कोरॉइडल नीव्हस’ (पडद्यामागचा तिळासारखा डाग) सापडला आणि घरात तेव्हापासून तोच विषय चाललेला दिसतो. आईच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवरची गाठ दोनदा काढूनही त्याच जागी परत आली, हे मात्र फोन ठेवता ठेवता सांगितलंत. मला काळजी आहे ती त्या गाठीची. डागाला वेळ देता येतो, गाठीला नाही.

वरच्या पापणीच्या आतल्या कडक पट्टीत तीस-चाळीस उभ्या तेलग्रंथी असतात, खालच्या पापणीत त्याहून कमी. एखादीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं आणि न दुखणारी गाठ येते, ती कलेझियॉन. (दुखते, लाल होते, पू धरते ती रांजणवाडी.) बहुतेक गाठी एवढ्याच असतात. पण याच ग्रंथींचा कर्करोग, सिबेशियस कार्सिनोमा, सुरुवातीला हुबेहूब कलेझियॉनसारखा दिसतो. पाश्चात्त्य देशांत तो क्वचित आढळतो. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे. उतारवयात जास्त, आणि वरच्या पापणीत जास्त, कारण ग्रंथीच तिथे जास्त.

बाबा, सकाळी आईला खिडकीशी बसवून एवढं बघा. गाठीच्या जागचे पापणीचे केस गळलेत का? पापणीची कड तिथे जाड झालीय किंवा खाचलीय का? गाठीला पिवळसर छटा आहे का? तोच एक डोळा थेंब घालूनही लालच राहतो का? मग कानाच्या पुढे आणि जबड्याखाली बोटांनी हलके चाचपा, वाटाण्याएवढं काही लागतंय का ते. पापणी उलटायला जाऊ नका, ते डॉक्टर बघतील. यातलं एकही लक्षण सापडलं नाही तरी दोनदा परतलेली गाठ तपासायलाच हवी.

घोळ बहुधा इथे होतो. कलेझियॉन काढताना पापणीला भूल देतात, चिमटा लावून ती उलटतात, आतून उभी चीर देतात आणि छोट्या चमच्यासारख्या क्युरेटने आतलं खरवडून काढतात. तो गाळ कापसाला पुसून टाकून देतात. पहिल्या वेळी ते ठीकही आहे. पण परत आलेल्या गाठीचा गाळ प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि आईच्या फाइलमध्ये बायोप्सीचा कागदच नाही. म्हणून तिसऱ्यांदा नुसतं खरवडून घेऊ नका. ‘बायोप्सी करायची आहे’ असं स्पष्ट सांगा. वरवरच्या खरवडीत नुसती सूज दिसून निदान हुकू शकतं. म्हणून पापणीच्या पूर्ण जाडीचा लहान तुकडा जास्त भरवशाचा. तो 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातो. बाटलीवर नाव, उजवा डोळा, वरची पापणी आणि सोबतच्या फॉर्मवर ‘दोनदा परत आलेली गाठ, सिबेशियस कार्सिनोमाची शंका’ असं लिहिलंय ना, ते बघून घ्या. शंका लिहिलेली असली की पॅथॉलॉजिस्ट त्या नजरेने बघतात.

रिपोर्ट वाईट आला तर? गाठ भोवतालच्या साधारण 4-5 मिमी निरोगी भागासकट काढतात, कडा स्वच्छ आहेत याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करतात आणि मग पापणी पुन्हा बांधतात. या रोगाच्या पेशी पृष्ठभागाच्या पातळ थरातून लांब सरकतात, त्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरूनही बारीक बारीक तुकडे घेतात. लवकर हाती लागला तर डोळा आणि नजर दोन्ही राहतात. उशीर झाला तर गळ्याच्या गाठींपर्यंत जातो, आणि कधी डोळाच काढावा लागतो. आई, म्हणून ‘चवथ होऊ दे, मग बघू’ नको.

आता बाबांचं. नीव्हस म्हणजे पडद्यामागचा तीळ. त्याचा मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) होणं मुळात दुर्मिळ, आणि आपल्या लोकांत तर आणखी. पुढच्या तपासणीत ही उत्तरं लिहून घ्या: बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीत) जाडी किती (2 मिमीच्या आत असावी), ओसीटीमध्ये (पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये) पडद्याखाली पाणी आहे का, नारिंगी रंग दिसतो का, दृष्टीच्या नसेच्या तोंडापासून 3 मिमीच्या आत आहे का. सगळं ठीक असेल तर चार-सहा महिन्यांनी एकदा आणि मग दरवर्षी तपासणी. प्रत्येक वेळी फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघायला हवा. म्हणून आताच्या फोटोची प्रत मागून घ्या. तुलनेला जुनं चित्र नसेल तर ‘वाढला का?’ याला उत्तरच नाही. मध्येच कडेला प्रकाश लखलखला, सरळ रेघा वाकड्या दिसल्या किंवा नजरेवर सावली आली, तर तारखेची वाट बघू नका.

समजा वाढलाच, तरी लगेच डोळा काढत नाहीत. छोट्या-मध्यम मेलॅनोमावर किरणोत्सारी चकती डोळ्याच्या बाहेरून शिवतात, काही दिवस ठेवतात आणि काढून घेतात. रुथेनियम-106 ची अशी चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवली आहे. नंतर काही वर्षांनी किरणांमुळे नजर मंदावू शकते, आणि हा रोग यकृतात जाऊ शकतो म्हणून पोटाची सोनोग्राफी चालू ठेवतात.

दोघंही बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नेत्र विभागात एकाच दिवशी जा, सकाळी लवकर. जुन्या फाइली, औषधांची यादी (बाबांची रक्त पातळ करणारी गोळी विसरू नका, ती आपल्या मनाने बंदही करू नका) आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घ्या. पुढे मुंबईला टाटा कर्करोग रुग्णालयात किंवा हैदराबादच्या नेत्र रुग्णालयात जावं लागलं तर गोमेकॉच्या चिठ्ठीवरच ते सुरळीत होईल. बाबांच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या करतील, चार-सहा तास धूसर दिसेल आणि ऊन सोसणार नाही. स्कूटर घरीच ठेवा, साखळीहून कदंबाच्या बसने जा, काळा चष्मा घ्या.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की पूर्ण कागदाचा फोटो पाठवा, नुसत्या शेवटच्या ओळीचा नको. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते वर लिहिलेलं असतं.

तुमची,
बाय