चौथा कॅनाल

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तिसरं वर्ष लागलं आणि माझ्या लॉगबुकात, केलेल्या केसेसच्या नोंदवहीत, रूट कॅनाल केलेल्या दाढा ज्युनिअर्सइतक्याच आहेत." मी पटकन म्हणाले, "अगं, सगळ्यांचंच तसं झालंय." तू नुसतं "हं" केलंस आणि विषय बदललास. तो "हं" अजून कानातून जात नाही. सगळ्यांचं झालं म्हणून तुझं कमी होत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मी साधी दातांची डॉक्टर, पण रूट कॅनालमध्ये स्पेशलायझेशन करणारी तुमची बॅच कशी अडकली ते मला कळतं. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा, दात कोरायचा एअरोटर, त्यावर पाण्याचा फवारा आणि समोर उघडं तोंड. २०२०च्या मार्चनंतर आपलं रोजचं हत्यारच संशयित ठरलं. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की साथ पसरत असेल तिथे तातडीची नसलेली दातांची कामं पुढे ढकला. ते बरोबरच होतं. पण दात वाचवायला शिकायला गेलेल्या मुलीने काय केलं? गोळ्या लिहून दिल्या, वाचला असता असा दात काढला आणि कोविड वॉर्डात स्वॅब घेतले. सुजलेल्या नसेचं ठणकणं अँटिबायोटिकने थांबत नाही हे माहीत असून ते लिहावं लागायचं. ही टोचणी तू एकदाच बोलून दाखवलीस.

लेक्चर्स ऑनलाइन झाली, परीक्षा लांबल्या. ते भरून निघेल. हाताचं वेगळं असतं. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची चौथी बारीक नळी, निम्म्याहून जास्त वेळा सापडतो, हे स्क्रीनवर बघून पाठ होतं. पण कॅनाल साफ करायच्या सुईसारख्या १० नंबरच्या फाईलचं ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं टोक किंचित अडकतं आणि बोटाला कळतं, इथे आहे! ते कुणी सांगून कळत नाही.

मला मात्र जास्त लागलं ते दुसरंच. आमच्यापर्यंत आजार पोचू नये म्हणून तू आठ महिने घरी आली नाहीस, आणि मी ते कौतुकाने सांगत फिरले. पीपीई किटमध्ये लूप्सवर, त्या भिंगाच्या चष्म्यावर, वाफ कशी धरते ते तू हसत सांगायचीस, मीही हसायचे. रात्री तीनला तू जागी असतेस हे तुझ्या रूममेटकडून कळलं.

गाईडना सरळ सांग, केसेस कमी पडल्यात, दाढा द्या. आकडे फुगवू नकोस. मुदतवाढ मिळत असेल तर घे. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने मला मी कधी पास झाले ते विचारलेलं नाही, "दुखेल का" एवढंच विचारतात. आणि झोपेसाठी डॉक्टरांना भेट. दोन आठवडे दात दुखत असूनही अंगावर काढणाऱ्या पेशंटला तू काय ऐकवतेस, ते आठव.

वर्षभर मी काढलेल्या वरच्या दाढा फॉर्मलिनच्या बरणीत जमवतेय (पेशंटना विचारूनच). अकरा झाल्यात. तुझ्या सरावासाठी त्या बसवायला प्लास्टरचे ठोकळे मी करून ठेवते. येताना लूप्स आणि फाईल्स तेवढ्या आण.

तुझी,
आई