पुस्तिकेत पाच, वर्गात दोन

महोदय,

बीबीएच्या (व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या) प्रवेशाचे दिवस आले, की कोणतं स्पेशलायझेशन घ्यावं यावर सल्ले सुरू होतात. मुलांचा कल ओळखा, बाजार बघा वगैरे. पण मुळात निवडायला काय मिळणार, हे कॉलेज कधी सांगणार?

मी तासगावात एका कोल्ड स्टोरेजवर बेदाण्याची आवक-जावक बघतो. मुलीने पुण्यात बीबीए घेतलं ते माहितीपुस्तिका वाचून. फायनान्स, मार्केटिंग, एचआर, सर्व्हिसेस आणि अ‍ॅग्री बिझनेस, अशी पाच नावं छापलेली. तिला शेवटचं हवं होतं. तिसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं, मुलं पुरेशी नाहीत, बॅच निघणार नाही. फायनान्स किंवा मार्केटिंग घ्या. मागच्या वर्षी तरी निघाली होती का, असं विचारलं तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "मी आल्यापासून तरी नाही." मग दरवर्षी छापता कशाला?

चार मुलांसाठी वेगळे शिक्षक ठेवणं विनाअनुदानित कोर्सला परवडत नाही, हे मान्य. पण ते आधी सांगा ना.

अ‍ॅग्री बिझनेस हा विषय आमच्याकडे हौसेचा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाणा तयार होतो, पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समधून आमच्याकडे येतो आणि कधी कधी दिवाळीपर्यंत भावाची वाट बघत पडून राहतो. त्यावर तारण कर्ज काढलेलं असतं. भाडं आणि व्याज वजा जाता थांबणं परवडलं का, हा हिशेब शेतकऱ्याला करून देणारा बहुतेक वेळा अडत्याच, म्हणजे ज्याची अडत (कमिशन) त्या विक्रीवरच. हा हिशेब मांडणारी मुलं इथे हवी आहेत. मुलीने शेवटी फायनान्स घेतलं आणि प्रोजेक्टसाठी हाच विषय मागितला. मार्गदर्शक म्हणाले, शेअर बाजारावर कर, त्याचे जुने प्रोजेक्ट लायब्ररीत आहेत!

2024 पासून बीबीए एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आलं आणि राज्यात त्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली. प्रवेशफेरीत आपण कॉलेज आणि कोर्सचा पसंतीक्रम भरतो, स्पेशलायझेशनचा नाही. एआयसीटीईच्या कॉलेजांना वेबसाइटवर 'मॅन्डेटरी डिस्क्लोजर', म्हणजे कॉलेजची सक्तीने जाहीर करायची माहिती, टाकावंच लागतं. त्यात एआयसीटीईने एक तक्ता वाढवायला सांगावा: गेल्या तीन वर्षांत कोणत्या स्पेशलायझेशनची बॅच प्रत्यक्ष चालली, किती मुलं होती, शिकवायला पूर्णवेळ कोण होतं. सीईटी सेलने पसंतीक्रम भरण्याच्या पानावरच त्याची लिंक द्यावी. एखाद्या नावापुढे तीन वर्षं शून्य असेल तर शून्यच दिसू दे, म्हणजे पालक फी भरण्याआधी दुसरं कॉलेज बघतील.

— एक पालक, तासगाव (जि. सांगली)