सोलापूरचं फुलझुडूप सोलापुरातच घडवा: फलोत्पादनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. फलोत्पादन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवलं तरी काम अडणार नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानावर आपोआप उगवणाऱ्या तरवडापासून बागेत, रस्त्याच्या दुभाजकावर आणि शाळा-कचेऱ्यांच्या आवारात लावता येईल असं नवं फुलझुडूप तयार करण्याचं काम सरकारने हाती घ्यावं, आणि ते सोलापुरातच व्हावं. मी इथे रोपवाटिका चालवतो. म्हणजे या मागणीत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

आमच्या धंद्याची गोष्ट अशी की आम्ही सोलापुरात विकतो, पण सोलापूरचं फारसं काही विकत नाही. शोभेची रोपं बहुतेक आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीकाठची माती, दमट हवा आणि हाताशी पाणी यांवर वाढलेली ही रोपं पिशवीत असतात तोवर डोळ्यांत भरतात. इथे आली की त्यांची गाठ पडते वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलीमीटर पावसाशी, वीतभर मातीखालच्या मुरमाशी आणि एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाशी. इक्झोरा या झुपक्यांनी फुलणाऱ्या झुडपाचंच घ्या. त्याला आंबट जमीन लागते, आपली चुनखडीची. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गिऱ्हाईक म्हणतं, रोप खराब दिलं. रोप चांगलंच होतं, गाव चुकलं.

टिकतं काय, तर कण्हेर, बोगनवेल आणि पिवळ्या घंटांचा टेकोमा. तिघांवर माझा राग नाही, माझं घर त्यांच्यावरच चालतं. पण कण्हेर मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी, शाळेच्या आवारात लावताना हात कचरतो. बोगनवेल काटेरी, आणि दुभाजकावर छाटणीला उशीर झाला की फांद्या थेट दुचाकीवाल्याच्या तोंडाशी येतात. मधल्या काळात झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस या परदेशी झाडाची लाट आली. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. एका कामासाठी तीच रोपं पुरवा असा आग्रह माझ्याकडेही झाला होता. त्या कामाच्या कागदात झाडाची उंची लिहिली होती, संख्या लिहिली होती, दोन उन्हाळ्यांनंतर किती जगली पाहिजेत हे मात्र कुठेच नव्हतं.

आता पाण्याचं. उजनी भरलेलं असतानाही नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात दुभाजकावर टँकर रिकामा होताना दिसला की लोक शिव्या घालतात, आणि रास्तच घालतात. 'प्यायला पाणी नाही अन् फुलं कसली लावता' हा प्रश्न या पत्रावरही येईल. माझं उत्तर एवढंच की झाडं आजही लावली जात आहेत, टँकर आजही फिरत आहेत, बिलं आजही निघत आहेत. पहिला उन्हाळा जगवल्यावर पुढे ज्याला टँकर लागणार नाही असं झुडूप हवं, यासाठीच हा खटाटोप आहे.

तरवड आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणूनच कोणी पाहत नाही. गायरानात, बांधावर, रस्त्याकडेच्या खरबाड मुरमात तो कमरेएवढा, कधी डोक्याएवढा वाढतो. गुरं आणि शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरून चरून बोडक्या झालेल्या माळावरही तो हिरवा राहतो. साल कातडी कमावायला वापरली जाते, फुलं औषधात जातात. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळांत त्याची पिवळी फुलं असतात. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाच्या घरांत त्याच दिवसांत फुलांची बतुकम्मा रचतात, तिच्यातही हेच फूल लागतं. तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. इतक्या मानाचं झाड आमच्या नर्सरीत विक्रीला का नसतं? कारण माळावरचा तरवड जसाच्या तसा बागेत शोभत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तो खालून उघडा पडतो, फांद्या कशाही फाकतात आणि फुलं ओसरली की वाळक्या तपकिरी शेंगा महिनोन् महिने लोंबत राहतात. शेंगा ही त्याची सर्वांत मोठी खोड. शिवाय सोटमूळ खोल जाणारं, त्यामुळे पिशवीत जास्त दिवस राहिला की मूळ गोल फिरतं आणि जमिनीत लावल्यावर झाड बसत नाही.

या खोडी काढता येतात, आणि त्या काढण्याचंच नाव झुडपाची पैदास. आपल्या जिल्ह्याला हे काम नवीन नाही. ज्वारीची मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली. आजही रब्बीला शेतकरी तिचं नाव घेतो. डाळिंबाचा गणेश वाण फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदीच्या डाळिंबातून निवडला. दोन्ही वेळा परदेशातून काही आणलं नव्हतं, दारातलंच नीट पाहिलं होतं. आणि केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या 'सोलापूर लाल' या संकरित वाणाच्या वंशावळीत भगवा, गणेश आणि 'दारू' हे हिमालयातलं रानटी डाळिंब यांच्या जोडीला 'नाना' आहे. नाना म्हणजे कुंडीत लावतात ते बुटकं, शोभेचं डाळिंब! फळवाल्यांनी शोभेच्या झाडाचा गुण उचलला. मग शोभेच्या झाडांसाठी तसं काम कोणी करायचं? फुलशेती म्हटलं की आपल्याकडे गुलाब, जरबेरा, शेवंती, झेंडू यांच्या तोडणीचा आणि बाजारभावाचाच विचार होतो. रस्त्याकडेच्या झुडपाला ना टनेज, ना बाजार समिती.

काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मंत्रालयात 'नवीन वाण' म्हटलं की पुढच्या वर्षीच्या कृषी प्रदर्शनात कुंडी ठेवता येईल असा समज होतो. आधी सांगोला, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट या बाजूंचे माळ फुलोऱ्यात फिरून वेगळी झाडं हेरायची: कोणतं बुटकं आणि गच्च, कोणाचं फूल केशरीकडे झुकणारं, कोण एप्रिलमध्येही फुलतं, कोणाला शेंगा कमी धरतात. त्यांवर खुणा करायच्या, बी गोळा करायचं. बियांचं कवच कठीण असतं, ते गरम पाण्यात भिजवून किंवा घासून मऊ केल्याशिवाय उगवण नीट मिळत नाही. एकाच झाडाच्या बियांतून निघालेली भावंडंही एकसारखी नसतात. कोण आईवर जातं, कोण भलत्यावरच. त्यांतून निवड, मग निवडलेल्यांचा आपसांत संकर. त्यासाठी कळी उमलण्याआधीच तिचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा, कागदी पिशवी बांधून वर चिठ्ठी लावायची आणि शेंग पिकेपर्यंत ती वाऱ्या-पावसात सांभाळायची. पहिल्या पिढीत फारसं काही हाती लागत नाही, खरी उलथापालथ दुसऱ्या पिढीत दिसते. झुडूप लावल्यापासून त्याचं खरं रूप कळायला दोन पावसाळे तरी द्यावे लागतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी आठ-दहा वर्षांचा मामला. एवढ्या काळात दोन निवडणुका होतात, याची मला कल्पना आहे.

शेवटी जे एक झाड मनासारखं निघेल ते बियांनी वाढवून चालणार नाही, कारण बी पुन्हा घोटाळा करणार. छाटकलम किंवा ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) हजारो सारखी रोपं काढण्याची रीत बसवावी लागेल. माझ्यासारख्यांच्या शेडनेटमध्ये हे होणार नाही, तिथे प्रयोगशाळाच हवी. बुटकेपणासाठी आणखी एक रस्ता आपल्या राज्यातच उपलब्ध आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बियांवर किरणांचा मारा करून भुईमुगाचे आणि कडधान्यांचे वाण दिले आहेत. थोडं तरवडाचं बी तिकडे पाठवायला काय हरकत आहे? शेंगा धरूच नयेत यासाठी गुणसूत्रांचे तीन संच असलेली, म्हणजे बहुधा वांझ राहणारी, झाडं करून पाहता येतील.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. पहिली, फूल मोठं हवं म्हणून तरवडाच्या परदेशी भाऊबंदांची आयात. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने देशभरच्या जंगलांचं काय केलं ते वनखात्याला विचारा. तरवडाच्याच कुळातला सेना स्पेक्टाबिलिस आज वायनाड आणि मुदुमलाईची जंगलं गिळतो आहे. तोही शोभेचाच होता. दुसरी गोष्ट, पाकळ्यांच्या हव्यासापायी दुहेरी फुलं. तरवडाच्या फुलात मध नसतो, कीटक येतात ते परागासाठी. पराग ज्या कोशात असतो त्याच्या टोकाला बारीक भोक असतं. काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसा पराग बाहेर पडतो. मधल्या आखूड पुंकेसरांचा पराग त्याच्या पोटात जातो, लांब पुंकेसरांचा त्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलाकडे. पुंकेसरांच्या पाकळ्या केल्या की हा सगळा व्यवहार बंद. (तरवडावर फुलपाखरांच्या अळ्याही येतात आणि पानं कुरतडतात. गिऱ्हाईक तक्रार करेल, ते मी समजावीन.)

हक्काचा मुद्दाही आत्ताच मिटवावा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यालाही वाणाचा पैदासकार म्हणून नोंदणी करता येते. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असला पाहिजे, आणि झाड-वेलींना १८ वर्षांपर्यंत तर इतर पिकांना १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. पण नोंदणी फक्त अधिसूचित वंश-जातींचीच होते. तेव्हा तरवडाच्या चाचणीचे निकष काय असावेत, याचं काम राज्याने केंद्राकडे आत्तापासून लावून धरावं. नाहीतर वाण तयार होईल आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या फांद्या ट्रकने परराज्यात जाऊन आमच्याकडेच विकायला येतील. ज्या गायरानातून मूळ झाड घेतलं त्या गावाचं नावही नोंदीत राहावं.

जागा शोधायला नको. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, पुण्यात पुष्प संशोधन संचालनालय आहे. पहिल्याकडे जमीन आणि अवर्षणाचा अनुभव, दुसऱ्याकडे फुलांची जाण. त्यांना सलग दहा वर्षांचा निधी एकाच लेखाशीर्षातून द्या, दरवर्षी मार्चअखेर नूतनीकरणाच्या फायलीमागे शास्त्रज्ञ पळवू नका. चाचणीचे तुकडे केंद्राच्या कुंपणाआड नकोत, खऱ्या दुभाजकावर हवेत: धूर, उष्णता, ट्रकचा वारा आणि पाण्याचा विसर, हे सगळं तिथेच मिळतं. रोपं वाढवून द्यायला जिल्ह्यातले रोपवाटिकावाले तयार होतील, मी तरी आहे. आणि रस्त्याकडेच्या लागवडीच्या निविदांमध्ये दोन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या झाडांवरच शेवटचा हप्ता देण्याची अट घाला. ही एकच अट घातली तर वाण येण्याआधीच निम्मे टँकर कमी होतील, असं माझं मत आहे.

आपल्याच खात्याचा इतिहास आठवून देतो. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली तेव्हाही, खडकाळ रानात कसली बाग, म्हणून हसणारे होते. आज सांगोल्याचं डाळिंब बाहेर विकलं जातं ते त्या काळातल्या निर्णयामुळे.

घाई एकाच गोष्टीची आहे. वेगळी झाडं हेरायची ती फुलोऱ्यात, म्हणजे नवरात्राच्या आसपास, आणि बी गोळा करायचं ते शेंगा वाळल्यावर. पाहणीचा आदेश पावसाळ्यात निघाला तर या वर्षीचं बी हाती लागेल. मार्चमध्ये निघाला तर एक वर्ष गेलं, आणि रस्ता रुंदीकरणात तेवढे माळही गेले. पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा कळवावं, कोणत्या माळावर केशरी छटेचं झाड आहे ते मी दाखवतो.

कळावे,
आपला नम्र,
एक रोपवाटिकाचालक, सोलापूर