बाबांच्या झोपेच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "शेजारच्या काकूंची गोळी अर्धी दिली, दोन रात्री शांत झोपले." तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हीही वाचा. तुमच्यामागे काही ठरवायचं नाही.

गोळीचं नाव अमिट्रिप्टिलिन. काकूंना ती पायाच्या नसांच्या आगीसाठी दिलीय, पण मुळात ती नैराश्यावरची गोळी. बाबांना आहे तो बायपोलर, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी उन्मादात जाण्याचा आजार. तो असलेल्या माणसाचं मन अशा गोळ्यांनी उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं, आणि या जुन्या ट्रायसायक्लिक गटात तो धोका नव्या बऱ्याच गोळ्यांपेक्षा जास्त मानतात. मात्रा लहान आहे, मन स्थिर ठेवणारं लिथियम चालू आहे, म्हणजे धोका कमी असेल. पण किती कमी, हे आपण घरी बसून कसं ठरवणार? त्यात बाबांचं प्रोस्टेट. या गोळीने लघवी अडते, उठताना घेरी येते, उतारवयात कधी भ्रमही होतो. रात्री दोनला बाथरूमला जाताना पडले तर?

आई, मला एवढंच सांग, सकाळी बाबा कसे असतात? डोळे चुरचुरतात, अंग मोडून येतं, झोप हवी होती पण लागली नाही म्हणतात? मग तो निद्रानाश. पण तीन तास झोपून टवटवीत, बोलणं भरभर, पहाटे चारला माळा आवरायला घेतला असं असेल, तर झोपेची गरजच कमी झालीय. ती उन्मादाची सुरुवात असू शकते, आणि तिथे झोपेच्या नावाने नैराश्यावरची गोळी देणं म्हणजे आगीत तेल. त्या वर्षी असंच झालं होतं. बाबा, तुम्ही रात्री जागून अख्ख्या घराच्या वायरिंगचा नकाशा काढलात आणि आम्ही कौतुकाने बघत राहिलो. आठव्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. ते कौतुक मला अजून टोचतं.

काकूंची नको तर ट्रॅझोडोन आणू, असंही करू नकोस. तीही नैराश्यावरचीच. लिथियमच्या जोडीने लहान मात्रेत डॉक्टर ती कधी कधी देतात, पण लहान मात्रेनंतरही उन्माद आल्याच्या नोंदी आहेत. बाबांची फाइल ज्यांच्याकडे आहे त्या मानसोपचारतज्ज्ञांनीच काय ते ठरवावं. त्यांना काकूंच्या गोळीचंही सांगायचं, लपवायचं नाही. तुझ्यावर कोणी रागावणार नाही. तीन आठवडे तूही जागीच आहेस, मला कळतंय.

शनिवारी 11 वाजताची वेळ घेतलीय. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय. तोवर कालनिर्णयवर रोजच्या चौकटीत लिही: कधी झोपले, कधी उठले, दिवसभर कसे होते. दुपारनंतर चहा नको. लिथियम एकही दिवस चुकवू नका, आणि गुडघ्यासाठी ब्रूफेन घेऊ नका, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. दोन रात्री सलग झोप नाही आणि तरी उत्साह उतू जातोय असं दिसलं, तर शनिवारची वाट न पाहता डॉक्टरांना आणि मला फोन कर. रात्री-अपरात्री कोणी भेटलं नाही तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 लाव, मराठीत बोलतात.

आणि काकूंची उरलेली पट्टी आजच त्यांना परत दे.

तुमची,
धाकटी